पौर्णिमेलाच अमावास्या झाली!

मी चौथीला शिकवते, आणि सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. नोकरीची पहिली चार वर्षं मी मुलांना चंद्राच्या कला चुकीच्या सांगितल्या. फळ्यावरची आकृती बरोबर असायची. मधे पृथ्वी, भोवती आठ चंद्र, एका बाजूने सूर्याचे बाण. पुस्तकातून हुबेहूब उतरवलेली. पण एखाद्याने उठून विचारलं, “बाई, चंद्र अर्धाच का दिसतो?” की मी बेधडक सांगून मोकळी व्हायचे, “पृथ्वीची सावली पडते ना त्याच्यावर.” त्यांना पटायचं. मलाही पटायचं. चार वर्षांत एकानेही हरकत घेतली नाही.

ही तशी शहाण्या माणसाची चूक आहे. सावली काळी असते, चंद्राचा न दिसणारा भागही काळा असतो, म्हणजे तिथे सावलीच असणार. त्यातून कला आणि ग्रहणं हे धडे एकमेकांना चिकटून येतात. सोमवारी कला, मंगळवारी ग्रहण, बुधवारपर्यंत दोन्हींचा गुंता. माझी चूक मीच शोधून काढली असं सांगायला मला आवडलं असतं. प्रत्यक्षात ती एका मुलीने काढली, तीही भर वर्गात किंचाळून.

त्या वर्षी मी पहिल्यांदाच दिव्याचा प्रयोग करायचं ठरवलं होतं. खिडक्यांना जुन्या चादरी लावल्या, मधोमध स्टुलावर उघडा बल्ब ठेवला आणि मुलांच्या हातात पेन्सिलीला टोचलेले थर्माकोलचे पांढरे गोळे दिले. बल्ब म्हणजे सूर्य, तुमचं डोकं म्हणजे पृथ्वी, गोळा म्हणजे चंद्र. हात लांब करून गोळा डोळ्यांसमोर धरायचा आणि स्वतःभोवती डावीकडे हळूहळू वळायचं.

तोंड बल्बकडे होतं तेव्हा गोळ्याची आपल्याकडची बाजू अंधारात होती. ही अमावास्या. जरासं वळल्यावर उजव्या कडेला नखाएवढी कोर उजळली. पाव फेरी झाली आणि बरोबर अर्धा गोळा उजळलेला दिसायला लागला, अष्टमीचा चंद्र. अजून वळल्यावर अर्ध्याहून जास्त. वर्ग एकदम शांत झाला होता, जे आमच्याकडे क्वचितच होतं. आता बल्बकडे पाठ होणार, आता पूर्ण चंद्र दिसणार, तेवढ्यात दुसऱ्या बाकावरची मुलगी ओरडली,

“बाई, पौर्णिमेलाच अमावास्या झाली!”

“गोळा नीट धर,” मी म्हटलं. तिने नीट धरला. तरी काळा. शेजारचा म्हणाला, “माझापण.” मग मागून आणखी चौघं-पाचजण. मी वैतागून तिच्या मागे जाऊन उभी राहिले, तिच्या उंचीएवढी वाकले आणि तिच्या खांद्यावरून पाहिलं. गोळ्यावर तिच्या डोक्याची सावली पडली होती. गोळा थोडा बाजूला सरकवला तर त्याच्या कडेवरून तिच्या वेणीची सावली सरकत गेली.

मी गप्पच झाले. पृथ्वीची सावली चंद्रावर पडते म्हणजे काय होतं, ते समोर दिसत होतं. मग मघाशी अर्धा गोळा काळा दिसला तो कशाने? तेव्हा तर डोक्याची सावली गोळ्याच्या आसपासही नव्हती. ती बल्बच्या विरुद्ध बाजूच्या भिंतीवर पडलेली. गोळ्याचा तो अर्धा भाग काळा होता, कारण तो बल्बकडे पाठ करून होता. बस, इतकंच. गोळ्याचा अर्धा भाग प्रत्येक क्षणी उजळलेलाच असतो, त्यातला आपल्या वाट्याला किती येतो एवढाच फरक. चार वर्षं फळ्यावर मी तेच काढत होते आणि तोंडाने भलतंच सांगत होते.

मुलांना मी त्या वेळी एवढंच म्हणाले, “हात थोडा वर करा. गोळा डोक्यापेक्षा उंच धरा.” सगळे हात वर गेले आणि वर्गात एकदम तीसेक पौर्णिमा उगवल्या. मी सुटकेचा श्वास टाकते आहे तोवर शेवटच्या बाकावरून प्रश्न आला, “बाई, आपण हात वर केला. खऱ्या चंद्राला हात वर करायला कोण सांगतं?”

मी म्हटलं, “उद्या सांगते.” शिक्षकाच्या तोंडी याचा अर्थ काय असतो ते तुम्हाला माहीत आहे.

त्या उत्तराकडे येईन. त्याआधी प्रयोगाबद्दल दोन व्यवहाराच्या गोष्टी, कुणाला करून पाहायचा असेल तर. सगळा वर्ग एकदम उभा करू नका, एकमेकांच्या सावल्या एकमेकांच्या गोळ्यांवर पडतात आणि भांडणं होतात. सहा-सहा जणांचे गट पुरेत. बल्ब मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर हवा. प्लास्टिकचा चकचकीत चेंडू घेऊ नये, त्याच्यावर बल्बचा एक झगझगीत ठिपका उमटतो आणि मुलं तोच बघत बसतात. आणि बाहेरच्या व्हरांड्यातली ट्यूबलाइट बंद करायला विसरू नका. मी विसरले होते. एका कोपऱ्यातल्या मुलांना दोन सूर्य मिळाले.

नावांचाही एक घोळ आहे. कोर म्हटली की कळते, अर्धा चंद्र कळतो, पूर्ण चंद्र कळतो. पण अर्ध्याहून मोठा आणि पूर्णाहून कमी, त्याला रोजच्या बोलण्यात सुटसुटीत शब्दच नाही. खरं तर महिन्यातल्या जवळजवळ निम्म्या रात्री चंद्र असाच असतो. आमच्या वर्गाने त्याचं नाव ‘ढेरपोट्या’ ठेवलं. गेली कित्येक वर्षं प्रत्येक नव्या तुकडीला मी हा शब्द मोठ्या गांभीर्याने शिकवते.

दुसरी गंमत निरीक्षणवहीची. महिनाभर रोज चंद्राचं चित्र काढायचं, एवढा सोपा गृहपाठ. पहिल्या वर्षी तो मी नेमका पौर्णिमेच्या दिवशी सुरू केला, कारण तेव्हा चंद्र झकास दिसतो. तीन दिवस वह्या छान भरल्या. पाचव्या दिवशी अर्ध्या वर्गाने लिहिलं, “चंद्र नाही.” सातव्या दिवशी सगळ्यांनी. एकाने तर “चंद्र हरवला आहे” असं लिहून खाली रेघ मारली होती. दोष त्यांचा नव्हता. चंद्र रोज सरासरी पन्नासेक मिनिटं उशिरा उगवतो. पौर्णिमेला तो सूर्य मावळायच्या सुमारास वर येतो, पण पुढच्या चार-पाच दिवसांत त्याची वेळ मुलांच्या झोपेच्या पार पलीकडे जाते. कृष्ण पक्षातला चंद्र हा नऊ वर्षांच्या मुलांसाठी जवळजवळ नसतोच.

तेव्हापासून वही अमावास्येनंतर दोन दिवसांनी सुरू करते. संध्याकाळी पश्चिमेला बारीक कोर, मग रोज ती थोडी जाड आणि थोडी वर. हात लांब करून मूठ धरली तर आकाशात ती सुमारे दहा अंश झाकते, आणि चंद्र रोज त्याच वेळी पाहिला तर आदल्या दिवसापेक्षा मुठीहून थोडा जास्त पूर्वेकडे गेलेला असतो. मुलांची मूठ लहान, पण हातही आखूड, त्यामुळे माप जमून जातं. पौर्णिमा उलटली की आम्ही वेळ बदलतो आणि सकाळी बघतो.

ही सकाळची पाहणी मला सगळ्यांत आवडते. पौर्णिमेनंतर आठवडाभराने, सकाळी आठच्या सुमाराला, मी वर्गाला मैदानावर नेते आणि विचारते, चंद्र कुठे आहे? मुलं हसतात. बाईंना वेळेचं भान नाही. मग कुणाचं तरी लक्ष जातं. निळ्या आकाशात पश्चिमेकडे फिकट पांढरा अर्धा चंद्र निवांत बसलेला. एका वर्षी एक मुलगा अजिबात मानायला तयार नव्हता. “तो ढग आहे,” म्हणाला. बाकीचे त्याला समजावत होते आणि तो हाताची घडी घालून उभा होता. शेवटी मी त्याच्या हातात थर्माकोलचा गोळा दिला. म्हटलं, हात लांब कर आणि हा चंद्राच्या शेजारी धर. त्याच्यावर ऊन पडलेलं. गोळ्याचा जेवढा भाग उजळला होता तेवढाच चंद्राचा, ज्या बाजूचा तिकडे उजळला होता त्याच बाजूचा इकडे. बल्ब, चादरी काही नाही. एकच सूर्य दोघांना उजेड देत होता. मुलगा बराच वेळ एकदा गोळ्याकडे आणि एकदा चंद्राकडे बघत राहिला. मग गोळा मला परत देत म्हणाला, “ढग नाहीये.”

माझ्या मते कला शिकवायची सगळ्यांत चांगली जागा हीच. फक्त मुलांना सूर्याकडे बघू देऊ नका, पाठ किंवा खांदा त्याच्याकडे असू द्या.

याच पाहणीत सावलीवाली चूकही कायमची निघते. पृथ्वीची सावली नेहमी सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला पडणार. सूर्य पूर्वेला वर आला असेल तर सावली पश्चिमेला, क्षितिजाच्याही खाली. अर्धा चंद्र तिथे नाही, तो सूर्यापासून पाव वर्तुळ अंतरावर आहे. मग त्याच्यावर सावली पडेल कशी? एका मुलीने यावर फार छान सांगितलं होतं: “सावली तिकडे आणि चंद्र इकडे, त्यांची भेटच होत नाही.”

चित्रांबद्दल जाता जाता. दरवर्षी पाच-सहा वह्यांत कोरीच्या दोन टोकांच्या मधोमध एक चांदणी येते. मी विचारते, तिथे चंद्र आहे का नाही? आहे, पण अंधारा. मग त्याच्या आरपार चांदणी कशी दिसली? खोडरबर निघतं. दुसरं म्हणजे, ‘उजवी बाजू उजळ तर वाढता चंद्र’ असा नियम बरेच जण पाठ करून घेतात. मी तो सोडून दिला. दक्षिण गोलार्धातल्या मुलांना तो उलटा दिसतो, आणि विषुववृत्ताजवळ कोर होडीसारखी आडवी असते, तिथे उजवं-डावं काय करणार? त्यापेक्षा संध्याकाळी दिसली ती वाढती कोर, पहाटे दिसली ती सरती कोर. उजळ बाजू कायम सूर्याकडे. हे सगळीकडे चालतं.

बारीक कोरीच्या वेळी उरलेला चंद्रही अगदी मंद, राखाडी दिसतो, तेही आवर्जून दाखवते. तो उजेड आपला. ऊन पृथ्वीवर पडतं, पृथ्वी ते चंद्रावर टाकते, चंद्र त्यातलं थोडं आपल्याकडे परत पाठवतो. साधारण पाचशे वर्षांपूर्वी लिओनार्दो दा विंचीने हे ओळखलं होतं. चंद्रावर उभं राहिलं तर पृथ्वीलाही कला दिसतात, आणि त्या बरोबर उलट्या: इथे अमावास्या असते तेव्हा तिथून पृथ्वी पूर्ण दिसते. चौथीच्या मुलांना हे उलटं-सुलटं प्रकरण भलतंच आवडतं. २७.३ दिवस आणि २९.५ दिवस यातला फरक मात्र मी सांगत नाही. चंद्राची एक फेरी होईपर्यंत पृथ्वीही पुढे सरकते, म्हणून अमावास्येपासून अमावास्येपर्यंत दोन दिवस जास्त लागतात, इतकं विचारलं तरच सांगते. अजून एकदाच विचारलं गेलंय.

आता शेवटच्या बाकावरचा प्रश्न.

त्या दिवशी घरी येऊन मी जी आकृती पाहिली तीत चंद्राची कक्षा थोडी कललेली दाखवली होती. सुमारे ५ अंश. मला वाटलं, पाच अंशांनी काय होतंय? बाजूला पृथ्वी नि चंद्र इतके जवळ काढलेले की पाच अंश कललं काय नि न कललं काय, सावली पडणारच. माझं डोकं तिथेच अडकलं. खरी गोम कललेल्या कक्षेत आहेच, पण ती अंतरात लपलेली आहे, आणि अंतर कुठल्याच पुस्तकात मावत नाही.

मग मी ते मैदानावर मांडलं. पृथ्वी म्हणून फुटबॉल घेतला, व्यास २२ सेंटिमीटर. चंद्राचा व्यास ३,४७४ किलोमीटर, पृथ्वीचा १२,७४२. म्हणजे चंद्र हवा सहा सेंटिमीटरचा. टेनिसचा चेंडू किंचित मोठा आहे, पण चालवून घ्यायचा. आता मुलांना सांगायचं, चंद्र बरोबर अंतरावर धरून उभे राहा. हे मी दरवर्षी करते आणि दरवर्षी पहिला मुलगा फुटबॉलपासून फूटभर अंतरावर उभा राहतो. दुसरी धीट मुलगी दोन पावलं मागे जाते. मी म्हणत राहते, अजून मागे, अजून. सरासरी अंतर ३,८४,४०० किलोमीटर, म्हणजे तीस पृथ्व्या ओळीने मांडल्या तर. आपल्या मापात साडेसहा मीटरहून थोडं जास्त. चेंडू घेतलेला मुलगा तिथे पोचतो तेव्हा बाकीचे “इतका लांब?” म्हणून ओरडतात. सूर्य कुठे ठेवायचा विचारलं तर मी सांगते, आठ मजली इमारतीएवढा गोळा, अडीच किलोमीटरहून थोडा पुढे. तो आपण आणलेला नाही.

आता कल. साडेसहा मीटरवर ५ अंश म्हणजे जवळजवळ दोन फूट. टेनिसचा चेंडू फुटबॉलच्या पातळीपेक्षा दोन फूट वर जातो आणि फेरीच्या दुसऱ्या बाजूला दोन फूट खाली. आणि तिथे पोचेपर्यंत फुटबॉलची गडद सावली निमुळती होत किती रुंद उरलेली असते? सोळा सेंटिमीटर. वीतभरही नाही. मी एका मुलाला वीत पसरून धरायला सांगते, ही सावली. दुसरा चेंडू त्याच्या डोक्यावरून फिरवतो. बहुतेक पौर्णिमांना चंद्र सावलीच्या वरून किंवा खालून निघून जातो. हात वर करायला कोण सांगतं, त्याचं उत्तर हे. कुणी सांगत नाही. त्याची वाटच तिरकी आहे, आणि जागा एवढी ऐसपैस की चुकामूक हाच नियम.

मग ग्रहणं होतात तरी कधी? यासाठी मी बादली आणते आणि भरतकामाची लाकडी रिंग. रिंग तिरकी धरून अर्धी पाण्यात बुडवायची. पाण्याचा पृष्ठभाग म्हणजे पृथ्वी आणि सूर्य ज्या पातळीत आहेत ती पातळी, रिंग ही चंद्राची वाट. रिंग पाण्याला दोनच ठिकाणी कापते. चंद्र त्या दोन जागांपैकी एकीजवळ असताना पौर्णिमा आली तर चंद्रग्रहण, अमावास्या आली तर सूर्यग्रहण. आणि पृथ्वी सूर्याभोवती फिरताना रिंगेचा कल जवळपास तसाच राहतो, म्हणून हा योग दर सहा महिन्यांच्या आसपास येतो आणि आला की ग्रहणं पंधरा दिवसांच्या अंतराने जोडीने येतात. ७ सप्टेंबर २०२५ ला चंद्रग्रहण, २१ ला सूर्यग्रहण. मग १७ फेब्रुवारी २०२६ ला सूर्यग्रहण, ३ मार्चला चंद्रग्रहण. मग १२ ऑगस्टला सूर्यग्रहण, २८ ला चंद्रग्रहण. हे मी फळ्यावर लिहिलं तेव्हा एका पोराने बोटांवर महिने मोजले आणि मी सांगण्याआधीच “सहा-सहा!” म्हणून ओरडला.

सप्टेंबरचं ते चंद्रग्रहण रविवारी रात्री होतं. सोमवारी वर्ग पेंगत होता. खग्रास अवस्था ८२ मिनिटं टिकली होती आणि निदान सातजणांनी ती पाहिली होती, घरच्यांच्या मांडीवर पडून का होईना. पहिली तक्रार आली ती अशी: “बाई, तुम्ही म्हणालात चंद्र सावलीत जातो. तो विझलाच नाही. तांबडा झाला.”

बरोबर. बल्बच्या प्रयोगात गोळा काळा होतो, खरा चंद्र तांबूस होतो. कारण आपल्या डोक्याभोवती वातावरण नसतं. पृथ्वीभोवती आहे. तिच्या कडेने जाणारे सूर्यकिरण हवेतून वाकून सावलीच्या आत शिरतात. वाटेत निळा प्रकाश विखुरला जातो आणि तांबडा पुढे जातो, मावळतीला जातो तसाच. त्या वेळी कुणी चंद्रावर उभं असेल तर त्याला काळी पृथ्वी आणि तिच्याभोवती तांबडं कडं दिसेल. त्या कड्यात पृथ्वीवरचे त्या क्षणीचे सगळे सूर्योदय आणि सगळे सूर्यास्त एकत्र असतात. हे सांगताना दरवेळी मीच थोडी थांबते. मुलं थांबत नाहीत, ती विचारतात, “मग चंद्रावर त्या वेळी सूर्यग्रहण असतं?” असतं.

सातजणांपैकी एकीने ग्रहण लागतानाचं चित्र काढून आणलं होतं. चंद्रावर चढणारी सावलीची कड तिने गोलाकार काढली होती. शेजारी महिन्याभरापूर्वीच्या वहीतला तिचाच अर्धा चंद्र ठेवला, त्याची कड सरळ. दोन्ही चित्रं मी भिंतीवर लावली, खाली काही न लिहिता. ग्रहणातली ही कड दर वेळी गोल असते यावरून ॲरिस्टॉटलने पृथ्वी गोल असल्याचं सांगितलं होतं. आणि आर्यभटाने इ.स. ४९९ च्या सुमारास दोन्ही ग्रहणांचं कारण सावली म्हणूनच मांडलं.

सूर्यग्रहणाचं मी थोडक्यात आटपते, कारण ते बोलण्यापेक्षा बघण्याचं आहे. करंगळी लांब धरली तर तिच्या नखाआड चंद्र झाकतो, हे मुलांना खरं वाटत नाही. रात्री करून बघा म्हणते. सूर्य व्यासाने चंद्राच्या सुमारे चारशे पट मोठा आणि सुमारे चारशे पट लांब, म्हणून दोघं दिसायला सारखे. त्यामुळेच चंद्र सूर्याला अगदी मापात झाकू शकतो. चंद्र जरा लांब असला तर पुरत नाही आणि कडेने सूर्याची बांगडी उरते, ती कंकणाकृती. आपल्या फुटबॉलवर चंद्राच्या गडद सावलीचा ठिपका जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरचा. म्हणून चंद्रग्रहण अर्ध्या जगाला दिसतं आणि खग्रास सूर्यग्रहण चिंचोळ्या पट्ट्यातल्यांनाच, तेही फार तर साडेसात मिनिटं. २ ऑगस्ट २०२७ ला इजिप्तमध्ये लक्सरजवळ ते सहा मिनिटांहून जास्त असेल.

एका बाबतीत मात्र मी कडक आहे. चंद्रग्रहण उघड्या डोळ्यांनी खुशाल बघा. सूर्याकडे साध्या गॉगलने, एक्स-रेच्या फिल्मने, काजळी धरलेल्या काचेतून किंवा पाण्यातल्या प्रतिबिंबातूनही बघायचं नाही. डोळ्याच्या पडद्याला दुखणं कळत नाही. तो भाजतो तेव्हा समजतही नाही. ग्रहणासाठी बनवलेले, प्रमाणित चष्मे हवेत. नसतील तर पुठ्ठ्याला टाचणीने एक भोक पाडा, सूर्याकडे पाठ करा आणि मीटरभर अंतरावरच्या कागदावर सूर्याची प्रतिमा पाहा. साधारण नऊ मिलिमीटरची येते. पुठ्ठाही नसेल तर झाडाखाली जा. खंडग्रास ग्रहणात पानांच्या फटींतून जमिनीवर शेकडो छोट्या कोरी पडतात. आमच्या एका तुकडीने त्यांच्यावर पाय न देता चालायचा खेळ केला होता.

परवा या वर्षीच्या वह्या तपासायला घेतल्या. अमावास्येच्या चौकोनात बहुतेकांनी नेहमीसारखं “चंद्र नाही” लिहिलं होतं, दोघांनी “ढग”, एकाने काहीच नाही. त्या दिवशी गोळा काळा झाला म्हणून ओरडणारी मुलगी आता कॉलेजात असेल. तिच्याच बाकावर यंदा बसणाऱ्या मुलीने चौकोन नीट आखून आत काहीच काढलं नव्हतं. खाली पेन्सिलीने लिहिलं होतं, “चंद्र आहे. दिवसभर सूर्याच्या शेजारी होता. तोंड तिकडे होतं.”